संपावर गेलेलं मैदान

ज्या गेटला कुलूप लागलं, त्या गेटवर चिकटवलेलं पत्रक मीच लिहिलं होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर पुढची चिडचिड वाचून कुणाला वाटेल, ही बाई सरकारी नोकरांच्या मुळावर उठली आहे. तसं काही नाही. मी संपाच्या बाजूची होते, आजही आहे. फक्त संपाच्या पहिल्याच सकाळी माझं वाक्य माझ्याच धाकट्या बहिणीच्या तोंडावर दार लावून उभं राहील, एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. पत्रकं लिहिणारी माणसं पुढचा विचार करत नाहीत. ती उद्गारचिन्हापर्यंत विचार करतात.

आमच्या घरात पत्रकांचा सुळसुळाट होता. आमचं घर अंथुर्ण्यात, आणि अप्पा बारामतीतल्या एका छापखान्यात कामाला. दिवसभर लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायची आणि सुटी झाल्यावर उरलेल्या पातळ गुलाबी-पिवळ्या कागदावर, मालकाच्या परवानगीनं, कुणाची ना कुणाची मागणी छापायची. दुधाचा दर, कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, फाट्यावरचा एसटीचा थांबा, अंगणवाडीच्या बायकांचं मानधन. माझ्या पहिलीच्या पुस्तकाला ‘आवर्तन मिळालंच पाहिजे’चं कव्हर होतं. आई फडताळात डब्यांखाली ‘जाहीर निषेध’ अंथरायची. मी अक्षरं ओळखायला लागले ती तिथूनच, त्यामुळं ‘आई’ आणि ‘बाबा’च्या आधी मला ‘बंधूंनो’ वाचता यायला लागलं. बारावीत होते तेव्हा अप्पांचा चष्मा फुटला आणि एका मोर्चाचं पत्रक मी लिहून दिलं. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत कुणालाही राग आला की तो माझ्याकडं येतो.

घरात देव होते, पण नियम एकच होता : संपाची रांग ओलांडून आत जायचं नाही. संप कुणाचाही असो, आपलं काम कितीही अडो. अप्पा एकदा बँकेच्या संपात स्वतःच्या बँकेसमोर दोन तास उभे राहिले होते. पैसे काढायला गेले होते, ते घोषणा देऊन परत आले.

तर, राज्यभरातल्या सरकारी नोकरांनी जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संप पुकारला, आणि आमच्या भागातल्या संपकऱ्यांचे म्होरके असलेले जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी माझ्याकडं आले. मी एका बैठकीत पत्रक लिहून दिलं. माझं आवडतं वाक्य शेवटी होतं : ‘मागणी मान्य झाल्याशिवाय एकही फाईल हलणार नाही, एकही कुलूप उघडणार नाही!’ गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं. त्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला.

संप सुरू झाला त्या दिवशी पहाटे माझी बहीण बूट घालून सरकारी मैदानावर पळायला गेली आणि सात वाजायच्या आत परत आली.

ते मैदान कुठल्या गावाचं हे मी लिहिणार नाही, कारण तिथला पहारेकरी अजून नोकरीत आहे. एवढंच सांगते की बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना मोजून आखलेला ट्रॅक म्हणजे काय हे माहीत होतं ते त्याच मैदानामुळं. बहिणीची शारीरिक चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. गोळाफेक तिची चांगली होती. लहानपणापासून तिला, जे सापडेल ते मला फेकून मारण्याचा सराव होता. शंभर मीटरही ठीक. मागच्या भरतीत तिचा घात केला आठशे मीटरनं. ते तीन मिनिटांच्या आत यायला हवं असं तिनं स्वतःला बजावलेलं, आणि ती तीन मिनिटं दोन सेकंदांपर्यंत आली होती. दोन सेकंद राहिले होते आणि तीन आठवडे.

आणि ही शेवटची संधी होती. सरकारनं घातलेली वयाची मर्यादा संपायला अजून अवकाश होता; आईची मात्र संपली होती. ‘या बारीला झालं तर झालं, न्हायतर मी बघायला आलेल्या पाहुण्यांना चहा पाजणार,’ असं तिनं जाहीर केलेलं. वडगाव निंबाळकरचं एक स्थळ तर रविवार कुठला ते विचारत होतं. चांगलं बागायतदार घर, मुलगा निर्व्यसनी. बहीण म्हणाली होती, “निर्व्यसनी म्हंजी काय गं ताई, त्याच्यात दुसरं सांगण्यासारखं काहीच न्हाय का?”

मी तिच्यासोबत मैदानावर गेले. माझ्या मनात एक साधा हिशोब होता : तिथला पहारेकरी कधीच जागेवर नसतो. त्या मामांना (सगळे त्यांना मामाच म्हणत) नोकरीच्या वेळेत मैदानावर पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. पोरं त्यांना शोधायला टपरीवर जायची, टपरीवाला म्हणायचा आत्ताच मैदानावर गेले. गेट सताड उघडं असायचं, म्हशी आत चरायच्या, आणि मामांची खुर्ची एकटी ड्यूटी करायची.

संपाच्या दिवशी मामा पहाटे साडेपाचपासून गेटसमोर बसलेले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा, डोक्याला ‘एकच मिशन’ लिहिलेली टोपी, मांडीवर फलक. आयुष्यात पहिल्यांदा ते पूर्ण वेळ हजर होते.

“मामा, एवढं गेट उघडा की,” मी म्हणाले.

“संप हाय, बाई.”

“मग तुमी हितं काय करताय?”

“संप करतोय.”

“घरी बसून करा की.”

“घरी बसून केला तर त्याला संप कोण म्हणंल? आमची बायकू तर आळस म्हणती.” मामांनी फलक सरळ केला. “संप दिसाया पायजे.”

“हिची भरती हाय मामा. तीन आठवड्यांवर. पोरगी पळणार कुठं?”

मामांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्यांनी खुर्चीतून उठून बहिणीला खुर्ची दिली. पण मग गेटावरच्या गुलाबी कागदाकडं बोट केलं. “माझ्या हातात काय न्हाय बगा. हितं छापूनच दिलंय. ‘एकही कुलूप उघडणार नाही.’ लई जबरी लिवलंय. मी तर पाठच केलंय.”

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी गेटाकडं पाहिलं. गेटाच्या आत ट्रॅकवर एक म्हैस आठ नंबरच्या लेनमध्ये निवांत उभी होती.

“कोणी लिवलंय हो मामा?” बहिणीनं विचारलं.

“आसंल कोणतरी शिकलेलं. घरात कुणाला अडचण नसणारं.”

परतताना फाट्यापाशी आल्यावर बहीण म्हणाली, “ताई, पुढच्या वेळी लिवशील तेव्हा कंसात ‘मैदान सोडून’ असं लिव.”

दुसऱ्या दिवसापासून भरतीची इतर पोरं मागच्या भिंतीवरून उड्या मारून आत जायला लागली. मामा भिंतीकडं पाठ करून बसत. संप गेटाचा होता, भिंतीबद्दल संघटनेचा निर्णय आला नव्हता. बहीणही भिंतीपर्यंत गेली. मी तिला ओढून आणलं. संपाची रांग ओलांडायची नाही, भिंतीवरूनही नाही.

“मी काय कुणाचा संप मोडत नाय, मी पळणारंय.”

“आत जाणं म्हणजे मोडणंच.”

“ताई, तुझ्या तत्त्वाला वाटोळा चारशे मीटरचा ट्रॅक असता ना, तर मी त्याच्यावरच पळाले असते.”

मग तिनं रस्त्यावर पळून पाहिलं. कारखान्याचा हंगाम संपत आला होता आणि राहिलेला ऊस सगळ्यांना एकदमच घालायचा होता. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्यानं लावलेली गाणी आणि बाहेर आलेलं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे. दोन दिवसांत तिच्या दंडावर उसाच्या पाचटाचे ओरखडे उठले. कालव्याच्या भरावावर पळून पाहिलं, तर तिथली कुत्री तिच्यापेक्षा जोरात पळायची. वेग वाढला, पण चाचणीला कुत्रं मागं सोडत नाहीत, आणि अंतर किती झालं ते कळत नव्हतं. पोलीस भरतीत नुसतं पळून भागत नाही. किती पळालो आणि किती वेळात, ते कळावं लागतं. मोजलेल्या ट्रॅकचं मोल आम्हाला तेव्हा समजलं. तोवर मला तो सरकारनं उधळपट्टी करून घातलेला लाल मुरूम वाटायचा, आणि त्याविरुद्धही मी एक पत्रक लिहिलेलं होतं.

शेवटी मदतीला आले आमच्या शेजारचे तात्या. त्यांचं गव्हाचं रान नुकतंच मोकळं झालं होतं. त्यांनी ट्रॅक्टरमागं फळी लावून ते चोपून सपाट करून दिलं आणि म्हणाले, “मोजायची चिंता करू नगा. साखळी हाय माझ्याकडं.”

तात्यांची साखळी गावात प्रसिद्ध होती. जमीन मोजायची जुनी लोखंडी, तेहेतीस फुटी. तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा, हे आमच्याकडं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. कुणाचा बांध कोरला, कुणाच्या सरीत कुणाचा ऊस आला, असा वाद झाला की तात्या खांद्यावर साखळी टाकून निघत, आणि सरकारी मोजणीची तारीख यायच्या आत भांडणाचा निकाल लावून चहा पिऊन परत येत. मोबाईलवर अंतर मोजता येतं हे मी सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, “मोबाईलला बांध कळतो का?” बहिणीच्या फोनची काच अशी फुटलेली होती की त्यावर आकडा दिसला तरी तो तीनचा की आठचा हे ठरवायला तिघं लागायचे. मग ती साखळीच बरी.

वीस साखळ्या म्हणजे दोनशे मीटर, एखादा हात इकडंतिकडं. तात्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, चुलीतली राख ओतून रेघ मारली. चार फेऱ्या की आठशे. सरकारी कुलपाला शेतकऱ्यानं दिलेलं उत्तर! असं वाक्य मला तिथंच सुचलं आणि मी ते वहीत लिहूनही ठेवलं.

पहिल्या दिवशी वेळ आली तीन मिनिटं अठरा सेकंद.

रान भुसभुशीत आहे, म्हणून आम्ही समजूत घातली. तात्यांनी पुन्हा फळी फिरवली, पाणी मारलं. तीन सोळा. मग तीन सतरा. बूट बदलले. आईनं नाचणीची आंबील सुरू केली. तीन सोळा. मैदानावर तीन मिनिटं दोन सेकंदांवर आलेली पोरगी आठवडाभर सोळाच्या खाली यायला तयार नव्हती. आधी ती चिडली. मग गप्प झाली. मला तिचं चिडणं सोसायचं, तिच्या चिडण्यावर मी वाढलेली आहे. गप्प राहणं नवीन होतं. एका सकाळी तिसऱ्या फेरीत ती मधेच थांबली, चालत बांधावर आली आणि आईला म्हणाली, “त्या वडगावकरांना रविवार कळव.”

जिंकल्यावर माणसानं खूश व्हावं, पण आई आंबिलीची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

त्या दुपारी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पत्रक लिहिलं. सरकारविरुद्ध लिहिणं सोपं असतं. सरकार वाचत नाही. हे मला माझ्याच बाजूच्या माणसांविरुद्ध लिहायचं होतं. मथळा : ‘संपाला पाठिंबा! कुलपाला विरोध!’ मजकूर असा की, संपातून दवाखान्याची तातडीची सेवा वगळता येते, तर सार्वजनिक मैदान का वगळता येऊ नये? मैदान मंत्रालयाचं नाही, ते लोकांचं आहे. ते बंद ठेवल्यानं मंत्र्याच्या पोटात दुखत नाही, आमच्या पोरींच्या पायात गोळे येतात. अप्पांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “गुलाबी का पिवळ्या?”

संपकरी रोज अकराला मैदानाच्या गेटसमोर सभा घेत. मी जाऊन ते पत्रक वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. संपातल्या सभेत कशालाही टाळ्या पडतात. माझ्या आधी एकानं हरवलेल्या किल्ल्यांबद्दल सांगितलं होतं, त्यालाही पडल्या होत्या. टाळ्या ओसरल्यावर गुरुजींना अर्थ कळला.

“बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?”

“तुमच्याच. म्हणून तर तुमच्या तोंडावर वाचलं.”

“आम्हाला काय पोरींची काळजी नाही का? माझी पुतणीच भरतीला आहे.”

“मग ती कुठं पळते?”

गुरुजी खोकले. मागच्या भिंतीकडं त्यांची नजर गेली आणि लगेच परत आली. “हा विषय आपण समितीपुढं ठेवू,” ते म्हणाले.

समितीनं संध्याकाळी बैठक घेतली आणि एकमतानं ठरवलं की, मैदान उघडण्याबाबतचा निर्णय संप मिटल्यावर घेण्यात येईल.

या सगळ्यात दुखावले गेले ते मामा. दुसऱ्या सकाळी आम्ही रानात होतो. बहिणीला मी जवळजवळ ढकलत आणलेलं. ‘एकदाच पळ, मग पाहुण्यांना सांग,’ असं म्हणून. तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. तेवढ्यात सायकलवरून मामा आले. टोपी तीच, हातात माझं पिवळं पत्रक.

“आरं, गुरुजी सांगत्यात, ते गुलाबी बी तुमीच लिवलं आन हे पिवळं बी तुमीच?” त्यांनी सायकल स्टँडला लावायच्या आधीच सुरुवात केली. “आमी कुणाचं आयकायचं? गुलाबीचं का पिवळ्याचं? मी माणूस हाय का साईनबोर्ड?”

मी काही उत्तर देणार, तेवढ्यात बहीण चौथी फेरी संपवून आमच्यासमोर येऊन वाकली. मी घड्याळ दाबलं. तीन मिनिटं चौदा.

मामांचा राग तिथंच राहिला. ते तिच्या पायांकडं बघत होते. “पोरी, किती पळालीस?”

“आठशे,” ती धापा टाकत म्हणाली. “तीन-चौदा. जाऊ द्या मामा, मला न्हाय जमत.”

“खोटं.”

“खोटं कशाला बोलू?”

“पळणं खोटं न्हाय, आठशे खोटं. ह्या पायानं तीन-चौदा आठशेला यीत न्हाय. मी वीस वरसं पोरास्नी पळताना बगतोय.” मला त्या क्षणी विचारायचं होतं की टपरीवरून मैदान एवढं स्पष्ट दिसतं का. पण मामा पायातल्या वहाणा काढून रेघेवर उभे राहिले होते. “दर साली ट्रॅकला चुन्याची फक्की मीच मारतो. शंभर मीटर म्हंजी माजी एकशेतीस पावलं. टेप आणायला सायब विसरलं तरी माजी पावलं चुकत न्हाईत. दोनशेला दोनशेसाठ.”

“मामा, तुमचा संप चालू हाय,” मी म्हणाले. मला राहवलं नाही.

“हे सरकारी रान हाय का? मग? हितं माजा संप लागू न्हाय.”

ते चालायला लागले. मोठ्यानं मोजत, एकसारखी पावलं टाकत, कोपऱ्यावर जराही न चुकता. आम्ही तिघी (आई आंबील घेऊन आली होती) आणि तात्या बघत होतो. तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली होती. मामा खुंटीपाशी परत आले तेव्हा त्यांच्या तोंडात होतं, “दोनशे चौऱ्याऐंशी. पंचाऐंशी.”

मी वहीत आकडा लिहिला.

“येका फेरीत पंचवीस पावलं जादा,” मामा म्हणाले. “चार फेऱ्यांत शंभर. ही पोरगी रोज पावणेनऊशे मीटर पळतीया. कोणी मोजलंय हे?”

आम्ही सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी आभाळाकडं पाहिलं.

“तात्या, साखळी तेहेतीस फुटी ना?” मी विचारलं.

“मूळची व्हय.”

“मूळची म्हंजी?”

तात्यांनी तंबाखूची गोळी बांधावर ठेवून दिली. माणूस तोंडातलं नाही, हातातलं टाकून देतो तेव्हा गोष्ट गंभीर असते. “त्याचं आसं झालं,” ते म्हणाले, “की आमच्या वाटण्या झाल्या तवा दोन-चार कड्या वाढवल्या व्हत्या. माज्या वाटणीचं मोजायला. धा साखळ्या मोजल्या की जरा आकरा भरायच्या. तीन फूट जादा, दुसरं काय. मंग त्या कड्या काढायच्या ऱ्हायल्या.”

“आणि गावातले बांध?”

“त्यात काय. ज्यानं बोलावलं त्याचं रान त्या साखळीनं मोजायचं, दुसऱ्याचं पावलानं.” मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ कळला आणि ते घाईघाईनं म्हणाले, “पोरीला काय वंगाळ केलं का मी? जादाच दिलं न्हवं? कमी तर न्हाय दिलं!”

बहीण तिथंच मातीत बसली होती. ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. आई तिच्याजवळ खाली बसली. मी वहीत गुणाकार-भागाकार मांडला, तो तीनदा तपासला. पावणेनऊशेला तीन-चौदा, म्हणजे आठशेला तीनाच्या आत. दोन-तीन सेकंद आत. मी आकडा मोठ्यानं वाचला. आईनं विचारलं, “म्हंजी रविवारचं कळवू का नगं?”

“नगं!” आम्ही चौघं एकदम म्हणालो. त्यात मामांचा आवाज सगळ्यात मोठा होता, आणि त्यांना रविवार म्हणजे काय ते माहीतही नव्हतं.

मामांनी राखेनं आठशेची खरी रेघ मारून दिली. साखळीनं मोजलेला ट्रॅक मात्र तसाच राहू द्यायला बहिणीनं सांगितलं. “एवढं मोठं रान फुकटात मिळतंय तर बारीक कशाला करायचं? आठशेला वेळ घ्या, मी पुढं पळत जाते.” त्यानंतर मामा रोज सकाळी साडेपाच ते सात तात्यांच्या रानात शिट्टी फुंकत आणि तिथून आठला संपावर हजर होत.

आता माझी अडचण. तात्या दुपारी आमच्या घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले.

“पोरी, तुमचं घर पत्रकांचं हाय. मला भ्या वाटतंय.”

मला काय करायला हवं होतं ते स्पष्ट होतं. गावातल्या निम्म्या बांधांचा निकाल लांब साखळीनं लागलेला. याच्यावर पत्रक नाही काढायचं तर कशावर काढायचं? मथळासुद्धा तयार होता. तो मी आजही कुणाला सांगितलेला नाही, इतका चांगला आहे. मी कागद घेऊन बसले. बहीण समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तात्यांनी रान काढून घेतलं तर मी कुठं पळू? तुझ्या कागदावर?”

जी बाई एका भिंतीवरून उडी मारू देत नव्हती, तिनं पेनचं टोपण लावलं. चाचणी होईपर्यंत सत्य थांबेल, असं मी स्वतःला सांगितलं. तात्यांकडून मात्र एक गोष्ट वदवून घेतली : ते साखळीच्या जादा कड्या माझ्यादेखत काढतील, आणि धाकट्या भावाला बोलावून बांध पुन्हा मोजतील. तात्यांनी मान हलवली. कड्या त्यांनी त्याच दिवशी काढल्या. बांध मोजायला नेमका संप आडवा आला. सरकारी मोजणीदाराशिवाय भाऊ विश्वास ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. संप माणसाला किती उपयोगी पडतो हे मला तात्यांनी शिकवलं. तो बांध पुढं पावसाळ्याच्या तोंडावर मोजला गेला, दोघा भावांत वर्षभर बोलाचाली बंद झाली, आणि मग पुन्हा सुरू झाली. पत्रक मी काढलं नाही. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, पण रोज आठवणही काढत नाही.

चाचणीच्या चार दिवस आधी संप मिटला. काय मिळालं यावर संपकऱ्यांतच दोन मतं होती. गेट उघडलं, मामा नाहीसे झाले. बहीण मैदानावर एकदा जाऊन आली आणि म्हणाली, लाल ट्रॅक बारका वाटतो.

चाचणीला मी तिच्यासोबत गेले. आत नातेवाईकांना सोडत नव्हते. बाहेर शेकडो आया, भाऊ, केळ्यांच्या पिशव्या. चार तासांनी ती बाहेर आली ती वैतागलेली.

“काय झालं?”

“संपलंच की लवकर! मी आत्ता कुठं जोर लावत होते, तर ते म्हणाले झालं.”

“वेळ?”

“दोन एकावन्न.” मग तिनं माझ्या हातातली दोन केळी सोलून पाठोपाठ खाल्ली आणि तिसरं मागितलं.

लेखीचं काही विशेष नव्हतं; पत्रकांच्या घरातली पोरगी, तिला तासन्तास बसून वाक्यं वाचायची सवय होती. यादी लागली तेव्हा तिचं नाव होतं. वडगाव निंबाळकरहून पुन्हा विचारणा आली. आईनं फोन उचलला आणि पदर सारखा करून म्हणाली, “मुलगी पोलिसात हाय आता. मुलगा आठशे मीटर कितीत पळतो ते कळवा, मंग बघू.”

आमच्याकडं पोर भरती झालं की चौकात फ्लेक्स लागतो, त्याला इलाज नाही. अप्पांचा फ्लेक्सला विरोध होता. वाचून खिशात ठेवता येत नाही त्याला ते मजकूर मानत नाहीत. पण खर्च तात्या करणार होते, आणि जो खर्च करतो त्याचा फोटो लागतो. मामांना विचारलं, तर ते टपरीवरून दोन्ही हात हलवत आले. “माजा फोटू आजाबात नगं! संपात काम करत व्हतो म्हणत्याल.” त्यामुळं फ्लेक्सवर त्यांच्या जागी कुठल्याशा धावपटूचं इंटरनेटवरचं चित्र आलं. मधोमध तात्या, फेट्यात, छातीपर्यंत, खाली ‘मार्गदर्शक व क्रीडाप्रेमी’. खालच्या डाव्या कोपऱ्यात, आधार कार्डाचा असतो तेवढा, बहिणीचा फोटो.

फाट्यावर तो चढवला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. बहीण बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

“तात्या,” ती म्हणाली, “ह्यात पळालं कोण?”

“आगं, लोकांस्नी ठावं हाय,” तात्या म्हणाले.

पाचव्या दिवशी ती पत्र्याची पेटी घेऊन ट्रेनिंगला गेली. फ्लेक्स पुढच्या वादळापर्यंत टिकला. त्याचं कापड तात्यांनी उतरवून गोठ्यावर घातलं आहे, स्वतःचा चेहरा वर करून.